क्लाइव्हने बसवलेलं हीटिंग

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या थंडीत आईला ऊब मिळावी म्हणून धाकट्या क्लाइव्हने घरभर गरम पाण्याचे पाइप फिरवून स्वतःच हीटिंग बसवायला घेतलं. वरच्या मजल्याच्या फळ्या उचकटून, पाइपांना जागा करायला त्याने खालच्या लाकडी तुळयांना मधोमध खोल खाचा पाडल्या.

"अरे, तुळया निम्म्या कापल्यास की! वर लोखंडी बाथटब आहे," थोरला विल्फ्रेड म्हणाला.

"तू गप बस रे," आई खेकसली. "इथंच राहतोस, तुला कधी सुचलं का हे? तो बिचारा लीड्सहून येऊन राबतोय."

आईचं जेवणखाण, औषधं, आंघोळ, सगळं विल्फ्रेडच बघायचा.

हीटिंग सुरू झालं. आईने शेजारणींना बोलावून भिंतीवरच्या गरम रेडिएटरला हात लावायला लावलं. "माझ्या क्लाइव्हनं केलं हो!"

त्याच आठवड्यात विल्फ्रेडने आईच्या आंघोळीसाठी टब भरला आणि तो खाली स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेला. वरच्या तुळया कडाडून मोडल्या आणि भरलेला टब त्याच्या अंगावर कोसळला.

त्याचे पाय कायमचे गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई काठी टेकत हॉस्पिटलात आली, खाटेशी बसली, त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला. तिचे भरलेले डोळे पाहून विल्फ्रेडलाही रडू फुटलं.



"बाळा, क्लाइव्हला एकदा सांग ना, तुझी काही चूक नाही म्हणून. पोरगं कालपासून जेवलेलं नाही रे."