आईच्या पैठणीचा तुकडा

माझं काम दुर्बिणीने काढलेल्या फोटोंतून ताऱ्यांची चमक मोजायचं. दुर्बिणीच्या आरशावर धूळ बसली की सगळंच मंद दिसतं, म्हणून चमक पक्की माहीत असलेल्या ताऱ्याशी बाकीचे ताडून बघायचे. येवल्यात पैठण्या विणणाऱ्या माझ्या वडिलांना, अण्णांना, हे समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या लग्नाची पैठणी त्यांना आईच्या लग्नातल्यासारखीच डाळिंबी हवी होती. आई गेली, पण तिच्या विरलेल्या पैठणीचा एक तुकडा त्यांनी जपला होता. रेशमाची प्रत्येक लड त्याच्याशी ताडूनच मागावर चढली. डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी म्हणायचे, "दोन्ही धूसर दिसू दे, फरक लपणार नाय." मग ऑपरेशन झालं. काळा चष्मा काढून त्यांनी तयार पैठणी दारातल्या उन्हात धरली. "पोरी, ही तर विटकी हे." मी तुकडा जवळ नेला. रंग तंतोतंत जुळला. इतक्या वर्षांत तुकडाच विटला होता, अन् मोतीबिंदूमुळे ते त्यांना दिसलं नव्हतं. "लग्न धा दिवसांवर. आता दुसरी कधी विणू गं?" चमक बदललेला तारा आम्हीही ताडायच्या ताऱ्यांच्या यादीतून काढून टाकतो. पण मी पैठणी खांद्यावर घेतली. "अण्णा, आईची पैठणी नवीकोरी होती तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मला आई आठवते ती याच रंगात."