बाहेरच फिरणाऱ्या सोंगट्या

सभागृहाच्या भिंतीवर अष्टाचम्म्याचा पट उजळला होता. यंदाच्या स्पर्धेत मुलांनी संगणकातला खेळगडी नुसता प्रोग्राम लिहून बनवायचा नव्हता, त्यात कुणा जित्या माणसाचा स्वभाव उतरवायचा होता. केतकीनं सरूआत्याला उतरवलं. सुट्टीत दोघी जे डाव खेळल्या, ते सगळे तिनं खेळगड्याला शिकवले.

"माझ्यापुढं कोण टिकतंय बघू," असं आत्या गल्लीभर सांगून आली होती.

पण तिचा खेळगडी समोरची सोंगटी मारीचना, आणि स्वतःचीही मारू देईना. या खेळात एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. त्यामुळं दोन्हीकडच्या सोंगट्या बाहेरच गोल गोल फिरत राहिल्या. पोरं फिदीफिदी हसायला लागली. शेवटी वेळ संपली आणि परीक्षकांनी आत्याच्या खेळगड्याला बाद केलं.

"आत्या, सुट्टीत तू मुद्दाम मारत नव्हतीस?" केतकी रडवेली झाली. "मला वाटायचं, तुला दिसत नाही."

"दिसत नाही? माझे डोळे काय भाड्यानं दिलेत?" आत्या फणकारली. मग पडद्याकडं बघतच म्हणाली, "मारली की डाव संपायचा. डाव संपला की तू बॅग उचलायचीस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. केतकीला घेऊन बाबांना लांब घरी जायचं होतं.

"जा बाई," आत्या म्हणाली, "तुझ्या बापाला आधीच धीर नाही."

भिंतीवरचा पट कुणी अजून बंद केला नव्हता. केतकी गेली तरी आत्या तिथंच बसून राहिली.