भिकार पिक्चर

येरमाळ्याच्या जत्रेत तंबू टॉकीज आली की मी दुकान बंद करून रोज पिक्चरला जायचो. दुसऱ्या दिवशी बायको विचारायची, “कसा होता?” माझं उत्तर ठरलेलं, “भिकार. बायामाणसांनी बघण्याजोगा न्हाय.” खरं तर तंबूत कनातीपलीकडं बायकांची वेगळी जागा असायची. पण ती आली तर दोस्तांत शिट्ट्या कशा मारायच्या? काल पडद्यावरची मायलेकरांची ताटातूट बघून हमसून हमसून रडलो. आज सकाळी तरीही म्हणालो, “भिकारच. हिरो नुसता ठोंब्या.” सदरा धुवायला घेताना तिनं खिशातून रुमाल काढला. चोळामोळा, अजून ओलसर. तिनं माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि तो धुतला. संध्याकाळी मी मान खाली घालून म्हणालो, “आज शेवटचा खेळ हाय. चल तूबी.” वाळलेल्या रुमालाची घडी तिनं माझ्या हातात दिली. “भिकार पिक्चर मी कशाला बघू?”