आलेच

"डॉक्टर अनुपमा, लेक्चर सोडायला परवानगी कसली मागताय? कॉलेजचा तास आहे, संपवा आणि निघा," गुणवंतसर फोनवर म्हणाले. सर कॉलेजचे विभागप्रमुख. माणूस भला, पण भलेपणा सगळा फोनवर.

"अहो सर, ही मुलं अठराच्या आतली. त्यांना एकटं सोडता येत नाही. कोणाला तरी पाठवा ना."

"मुलं शाळेची आहेत. शाळेला सांगा."

अनुपमा वर्गाच्या दारात उभी होती. एक पाय आत, एक कॉरिडॉरमध्ये. अल बर्शा भागातल्या या शाळेत येऊन ती बारावीच्या मुलांना कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स शिकवायची. मुलांना शाळेत बसल्याबसल्या कॉलेजचे क्रेडिट मिळत, शाळेला जाहिरातीत मिरवता येई. अनुपमाला मिळालं होतं ते गळ्यातलं कार्ड, त्यावर 'व्हिजिटर' लिहिलेलं.

तिची सहा वर्षांची ईशानी डिस्कव्हरी गार्डन्सकडच्या आपल्या शाळेत तापाने फणफणली होती. लगेच घेऊन जा, असा नर्सचा फोन येऊन गेला होता. नवरा, वरद, अबू धाबीला इंटरव्ह्यूला गेलेला, फोन बंद. त्याची नोकरी सुटल्यापासून तिघांचे व्हिसा हिच्या एकटीच्या नोकरीवर होते.

तेवढ्यात शाळेच्या कोऑर्डिनेटर हुमेरामॅडम घाईघाईने जाताना दिसल्या. अनुपमाने त्यांना जवळजवळ अडवलंच.

हुमेरामॅडमनी आधी गळ्यातलं कार्ड पाहिलं. "मॅडम, आप तो हमारे स्टाफ में नहीं हैं ना. कॉलेज की क्लास में हमारा टीचर कैसे बैठेगा? मेरा खुद इन्स्पेक्शन चल रहा है. देखती हूँ. कोई आएगा, इन्शाल्ला."

आणि गेल्यासुद्धा.

घ्या! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

"मॅम, यू गो," पहिल्या बाकावरचा शार्दूल हळूच म्हणाला. "वी वोन्ट टेल." साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. गुणाची पोरं.

अनुपमाने छतावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. गेल्या टर्मला अशीच गुणाची पोरं ठेवून एक सर खाली औषध आणायला गेले होते. ते परत येईपर्यंत मस्तीत एकाचा हात मोडला. शाळा म्हणाली, सर कॉलेजचे. कॉलेज म्हणालं, वर्ग शाळेचा. नोकरी मात्र सरांची गेली, तिच्यामागून व्हिसा, आणि बायकापोरांसकट बिचाऱ्यांना गाशा गुंडाळावा लागला.

फोन पुन्हा वाजला. नर्सच्या फोनवरून ईशानी बोलत होती.

"मम्मा, आर यू कमिंग?" आवाज रडवेला.

"हो सोन्या, आलेच!"

तोंडातून निघूनच गेलं. घरी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ओरडायची ना, तसंच. कुकरची शिट्टी होऊ दे, कपडे वाळत घालून होऊ देत, तोवर आलेच. या शब्दाला पाय थोडेच असतात?

ती फळ्याकडे वळली. सूत्र लिहिलं, चुकलं, पुसलं. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. तो कोणावर काढायचा, तेही कळेना. समोर तर ही शहाणी पोरं बसलेली. कोऱ्या फळ्याकडे ती नुसती बघत राहिली. शार्दूलने पाण्याची बाटली पुढे सरकवली, ती तिला दिसलीही नाही.

पुन्हा फोन. या वेळी नर्स.

"मॅडम, आप किधर है? बेबी बॅग लेके गेट पे खड़ी है, इतनी धूप में. मैं बुलाती, अंदर नहीं आती. बोलती है, मम्मी आ गयी."

"मैं? नहीं, मैं तो इधर... उसको फोन दीजिए, प्लीज."

फोनमध्ये बसेसचे आवाज, मग ईशानीचा श्वास.

"मम्मा, आय कान्ट सी यू."

"ईशू, आत जा बाळा. ऊन लागेल. नर्स आंटीबरोबर आत जा. मी अजून वर्गातच आहे गं."

"नो. यू सेड आलेच."

"अगं, ते..."

"यू ओन्ली टॉट मी, मम्मा. येते मीन्स कमिंग. आले मीन्स केम."

तापाने आवाज जड झाला होता, पण गेल्या शनिवारचा मम्माने घेतलेला मराठीचा धडा बिनचूक पाठ होता.

अनुपमा पुन्हा दारात आली होती. एक पाय आत, एक बाहेर. पार लिफ्टपर्यंत कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं.

"मम्मा," ईशानीने विचारलं, "व्हिच गेट?"