इडलीपात्राचं यान

"अरे, हे तर इडलीपात्र!" पडद्यावर यानाचं इंजिन दिसताच कॉलेजचं सभागृह खदखदून हसलं.

मागच्या रांगेत कुमुदताईंनी मान खाली घातली. चाळीस वर्षांपूर्वीच्या या अंतराळ-मालिकेतल्या कॅप्टन त्याच होत्या, आणि इडलीपात्रही त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. "शोभा करायला आणलंस होय मला?" त्या नातीला म्हणाल्या. "चल, निघू."

एवढ्यात पडद्यावरचं यान बंद पडलं. प्राणवायू एकालाच पुरणार होता. कॅप्टननं आपली नळी काढून जखमी सोबत्याला लावली. हशा कधीच थांबला होता.

आणि नेमकी वीज गेली.

"छे! अहो, कॅप्टन वाचते का?" इडलीपात्रावर हसलेल्यांपैकीच एक मुलगा कळवळून ओरडला.

कुमुदताई उठल्या. अंधारात पडद्यावरच्या कॅप्टनचा तोच करारी आवाज घुमला, "इंजिन सुरू करा!"

अख्खं सभागृह गरजलं, "हो, कॅप्टन!"