तीन केसांचा हसरा चेहरा

“काटा असा भिंतीकडे तोंड करून का?” मुलीने विचारलं.

“रुसलाय,” आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. “तू उभी राहा. आकडा मी बघेन, तुला सांगणार नाही.”

सतरा वर्षांची पोर काट्यावर चढली. आईने नजर वळवली. कपड्यांतूनही दिसणारे ते पाठीचे मणके तिला बघवत नसत. महिनाभरात वजन वाढलं नाही तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आधीच्या दोन आहारतज्ज्ञांच्या दारातूनच पोर परत फिरली होती. इथे बाईंनी स्वतः दार उघडलं, तेव्हा त्यांच्याकडे टक लावून पाहत ती म्हणाली होती, “इथंच.”

टेबलावर दोन बशा होत्या. दोन्हींत लोणी लावलेल्या पावाचा एकेक तुकडा.

“माझे नियम दोनच,” बाई म्हणाल्या. “मी तुझ्याबरोबर खाणार. आणि इथून कागद घरी जाणार नाही. तक्ता नाही, यादी नाही.”

कागद म्हटल्यावर आईला राहवेना. पर्समधून तिने एक जुनी, पिवळी पडलेली घडी काढली.

“माझंच चुकलं, मॅडम. ही तिसरीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. त्या दिवशी दप्तरातून हे आलं. मी फ्रीजवर चिकटवलं. हिने फ्रीजला हात लावला की मी बोट दाखवायची, ‘वाच गं.’ गंमत म्हणून हो...”

बाईंनी घडी उलगडली. ‘बिस्किटं बंद. दूध अर्धा कप. पोट कमी झालं की किती छान दिसशील!’ खाली फुगऱ्या गालांचा हसरा चेहरा, डोक्यावर तीन केस.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही चिकटवलात. लिहिला नाहीत.”

आईला रडूच फुटलं. नऊ वर्षांत इतकं हलकं तिला कुणी केलं नव्हतं.

बाईंनी पाव उचलला. हात मध्येच थांबला. खाली ठेवला, पुन्हा उचलला. जमेना. मुलगी बघत होती. शेवटी तिनेच आपल्या पावाचा कोपरा मोडून तोंडात टाकला.

“घ्या ना.”

तेव्हा कुठे बाईंनी घास घेतला. काय युक्ती केली बाईने, आई मनात म्हणाली.

दर मंगळवारी हेच. बाईंचं अडायचं आणि पोर पुढे व्हायची. कोपऱ्याचा अर्धा पाव झाला, मग दोन पाव आणि वर केळं.

“आज काय अडलंय?”

“घास.”

“एवढ्या मोठ्या झालात की आता!” पोर दटावायची, आणि दोघी हसायच्या.

डॉक्टरांनी भरतीचं नाव काढणं सोडलं.

शेवटच्या मंगळवारी मुलगीच म्हणाली, “मला लिहून द्या काहीतरी.”

“माझा नियम आहे, बाळा.”

“मोडा. एकदाच.”

बाईंनी लिहिलं, ‘भूक लागली की खा.’ पेन कागदावर अधांतरी राहिलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग खाली सावकाश काहीतरी काढलं, कागदाची घडी घातली आणि आईच्या हातात दिली. निरोप द्यायला त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

घरी आल्यावर आईने पर्समधला जुना कागद फाडायला काढला. नवा फ्रीजवर लावायला उघडला. दोन्ही तिच्या हातात शेजारी शेजारी आले.

तेच फुगरे गाल. तेच तीन केस.

“चिमणे,” तिचा आवाज चिरकला, “अगं, ही बाई...”

“दार उघडल्याबरोबर ओळखलं मी. सगळ्या वर्गासमोर माझं वजन मोठ्यांदा वाचलं होतं त्यांनी.” चिमणी पावाला लोणी लावत होती, अगदी कडेपर्यंत. “चांगलं सुनवायचं म्हणूनच आत गेले होते, आई. पण तो कागद बघितल्यावर त्यांच्या घशाखाली घासच उतरेना. मग काय करणार? मलाच खाऊन दाखवावं लागलं.”