फाशांच्या खेळातली उडी

"आजोबा, तुमच्या म्हाताऱ्या जादूगाराला धावत येऊनही आठच फूट उडी जमते. दरी पंधरा फुटांची आहे," खेळ चालवणारी वेदांगी म्हणाली.

दरीच्या तळाशी ड्रॅगनने शाल्मलीच्या योद्ध्याला पंजात आवळलं होतं. आता सुटला नाही, तर तो मरणार होता.

एरवी मी "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच पुटपुटतो. आज मात्र मी ठणकावलं,

"पलीकडे जायचंच नाही मला. मी ड्रॅगनवर पडतो. नियमाप्रमाणे पडण्याचा निम्मा मार त्याला!"

"आणि निम्मा तुम्हाला. मराल हो, आजोबा!" शाल्मली ओरडली.

मी फासे टाकले. सहा, पाच, सहा! टेबलाभोवतीचे सगळे उभे राहिले.

"पंजा सुटला!" वेदांगी किंचाळली.

माझा जादूगार मेला होता, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच टाळ्या पिटत होतो.